‘आई, आता काय करू?’ : नाताळच्या सुट्टीतले नऊ दिवस

डिसेंबर उजाडला की समुपदेशनाला येणारे पालक हमखास विचारतात, नाताळच्या सुट्टीत मुलांना रमवायचं कसं? मे महिन्यात गाव असतं, शिबिरं असतात. दिवाळीत पाहुणे, फराळ, किल्ला असतो. नाताळात मात्र मुलांना सुट्टी आणि आईबाबांचं ऑफिस चालूच. पुण्यातल्या अशाच एका घराचा हा अनुभव. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

सात वर्षांचा एकुलता एक मुलगा. बाबा ऑफिसात, आईचं काम घरून, सोबत आजी. आई आली ती वेळापत्रक घेऊनच. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी, दर तासाला नवा उपक्रम : ओरिगामी, रंगकाम, कोडी, प्रयोग. दिवाळीतही तिने असंच केलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी कोलमडलं आणि मुलाच्या हातात मोबाइल गेला. “मीच कमी पडते,” म्हणताना तिचे डोळे भरून आले.

ती कमी पडत नव्हती. त्या कागदावरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला मोठं माणूस लागत होतं : सूचना वाचायला, कात्री धरायला, सांडलेलं पुसायला. मीटिंगमध्ये बसलेल्या आईने ते करायचं कधी? शिवाय शाळेत दर तासाला घंटा होते आणि पुढचं काम कुणीतरी समोर ठेवतं. घरीही तेच झालं तर स्वतःहून काही सुरू करायची सवय मुलाला लागत नाही. कंटाळलेलं मूल आधी वीस-पंचवीस मिनिटं भुणभुणतं, लोळतं, उगाच फ्रिज उघडून बघतं. त्यानंतर त्याला काहीतरी सुचतं. आपण नेमके त्याआधीच घाबरतो. पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात, हे आईला आधीच सांगून ठेवलं.

वेळापत्रक बाजूला ठेवलं आणि दिवसातल्या मोजक्याच गोष्टी पक्क्या केल्या. मीटिंगआधीची वीस मिनिटं पूर्ण मुलाची, फोन दुसऱ्या खोलीत. मग दाराच्या कडीला लाल ओढणी. ती आहे तोवर पडलं, लागलं किंवा दारात कुणी आलं तरच हाक मारायची. सुरुवात वीस मिनिटांपासून, ‘मोठा काटा सहावर येईपर्यंत’. दोन दिवसांनी चाळीस. इथे एक चूक हटकून होते. चौथ्या हाकेला आई दार उघडते आणि “थांब ना रे जरा!” म्हणून ओरडते. रागावली तरी आली, एवढंच मुलाला कळतं. पुढच्या वेळी ते चार हाका मारतंच.

आजींशी वेगळं बोलावं लागलं. नातू रडला की त्यांना बघवत नसे, म्हणून मोबाइल त्याच देत. त्यांना म्हटलं, “आजी, त्याला रमवायची जबाबदारी तुमची नाही. तुमच्या कामात त्याला घ्या, बास.” डिसेंबरात मंडई मटाराने भरलेली असते. किलोभर शेंगा, दाण्यांना पातेलं, सालींना टोपली. शेंगेच्या टोकाशी अंगठा दाबला की ती टचकन उघडते, हे आजींनी एकदाच दाखवलं. पठ्ठ्या पाऊण तास बसला. नऊ दाण्यांची शेंग सापडली, ती बाबांना दाखवायला वाटीत झाकून ठेवली.

सुट्टीभर पुरेल असं एक कामही हवं. मेथी त्याला उत्तम, कारण ती लवकर उगवते. दोन चमचे मेथीदाणे रात्री भिजवायचे, दुसऱ्या रात्री ओल्या फडक्यात बांधायचे. मग पसरट डब्याच्या तळाला भोकं पाडून दोन इंच माती घालायची, दाणे पसरून वर मातीचा पातळ थर. पाणी हातानेच शिंपडायचं, पेल्याने ओतलं तर दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात. या घरात पहिला डबा बिनभोकाचा निघाला, तिसऱ्या दिवशी वास सुटला. मुलगा रडला. आईला वाटलं, हाही उपक्रम फसला. पण त्याने स्वतःच काडीने माती उकरून कुजलेला दाणा बघितला, “पाणी कुठून जाणार?” म्हणाला आणि भोकं पाडायला आजींना हाताशी धरून दुसरा डबा लावला. पहिल्या डब्याने त्याला शिकवलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

मोबाइल पूर्ण बंद केला नाही. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीन दिवसाला दोन तासांच्या आतच असावी, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. इथे जेवणानंतर एकदाच, ठरलेले दोन भाग, आपोआप पुढचा भाग लागण्याची सोय बंद. भाग संपताना थांबवलं तर मूल ऐकतं, अध्येमध्ये हिसकावलं तर भडका उडतो. ‘शहाण्यासारखा वागलास तर मोबाइल’ हे मात्र कधीच नको, त्याने मोबाइलची किंमत उलट वाढते. संध्याकाळी पाच ते सात खाली खेळायला, स्वेटर घालून.

खेळायला मित्र असूनही मूल कशातच रमत नसेल, झोप-भूक बदलली असेल आणि हे दोन आठवडे टिकलं, तर तो साधा कंटाळा नव्हे. बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला भेटा.

दुसऱ्या डब्यातली मेथी सुट्टीत तयार झालीच नाही. शाळा सुरू झाल्यावर, जानेवारीच्या पहिल्या रविवारी, मुलाने ती आजींच्या कात्रीने कापली. बोटभर उंच, जेमतेम मूठभर. एका थालीपिठापुरती झाली.