वाचक विचारतात : बाल्कनीत शिंजिराचं घरटं

प्रश्न : कपडे वाळत घालायच्या दोरीवर जांभळ्या शिंजिराने (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, सनबर्ड) घरटं लटकवलंय. दोरी हलवू का? साखरपाणी ठेवू का? आणि नर खिडकीच्या काचेवर सारखी चोच मारतो, तो वेडा आहे का?

उत्तर : दोरी अजिबात हलवू नका. ते लांबोडकं घरटं मादी एकटीच विणते. वाळकी पानं, गवत, सालींचे तुकडे, आणि हे सगळं धरून ठेवतं कोळ्याचं जाळं! म्हणून त्या कोपऱ्यातली जळमटंही सध्या झाडू नका. वरच्या बाजूला दार, दारावर छोटीशी पडवी. अंडी बहुधा दोन. ती उबायला साधारण दोन आठवडे लागतात. दोरी वरखाली केली तर मादी बिचकून घरटं सोडू शकते.

साखरपाणी नकोच. उन्हात ते आंबतं, मुंग्या येतात आणि त्या पिल्लांपर्यंत पोचतात. पिल्लांना मध नाही, किडे आणि कोळी हवे असतात. त्यामुळे कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका.

काचेवर चोच मारणारा नर वेडा नसतो, प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजतो. काचेवर बाहेरून कागद लावा. विणीनंतर तो मादीसारखा फिका पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळा पट्टा उरतो.