चढाच्या रस्त्यासाठी सायकल कशी निवडावी?

प्रश्न : ऑफिस घरापासून 4 किलोमीटरवर आहे. वाटेत दोन चढ लागतात, त्यातला दुसरा चांगलाच खडा. माझं वय 47, कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. एक जण म्हणतो 21 गिअरची घ्या, दुसरा म्हणतो हलकी, बारीक टायरची घ्या, तिसरा शॉकअपवाली सुचवतो. काय बघून ठरवू?

उत्तर : गिअर किती आहेत ते सोडा, सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते बघा. त्यासाठी दुकानात खाली बसून दाते मोजा : पेडलजवळच्या सर्वांत लहान चकतीचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे. दोन्हीकडे 28 भरले, तर पेडलच्या एका फेरीत मागचं चाक एकदाच फिरतं आणि सायकल साधारण दोन मीटर सरकते. पुढे 44 आणि मागे 18 दाते असलेली बिनगिअरची सायकल त्याच एका फेरीत पाच मीटर जाते. सपाटीवर मजा येते, पण खड्या चढावर उतरून ढकलावी लागते. तुमच्यासाठी पुढचा आकडा मागच्याएवढा किंवा त्याहून कमीच हवा. 21 गिअरमधले बरेचसे पायाला सारखेच लागतात. पुढे 32 ची एकच चकती आणि मागे 36 किंवा 40 पर्यंत दाते, अशी आठ-नऊ गिअरची सायकल मी तुम्हाला आधी सुचवेन. एकाच हाताने गिअर बदलायचे, गोंधळ नाही.

वजनाचा फार बाऊ करू नका. तुम्ही 70 किलोचे, बॅग 4 किलोची धरली, तर 15 ऐवजी 12 किलोची सायकल घेऊन एकूण भार 89 वरून 86 वर येतो, बस. रोज जिन्यावरून उचलून न्यायची असेल, तर मात्र हलकीच घ्या. डांबरी रस्त्याला शॉकअप नको. उभं राहून पेडल मारलं की तो खाली-वर होतो आणि तुमचा जोर त्यात जिरतो. 35 ते 40 मिलिमीटरचे टायर पुरेसे आहेत.

चढाबद्दल सगळे विचारतात, मला काळजी उताराची वाटते. जाताना जो चढ, तोच येताना उतार. रिमला घासणारे ब्रेक पावसात आधी रिमवरचं पाणी पुसतात, मग पकडतात, तोवर सायकल पुढे गेलेली असते. डिस्क ब्रेकला हा उशीर बराच कमी लागतो. गिअर साधे चालतील, ब्रेकमध्ये काटकसर नको. लिव्हर दाबताना बोटं ताणावी लागत असतील, तर तिथला छोटा स्क्रू फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणून घ्या.

पैसे देण्याआधी बॅग पाठीला लावून एखाद्या चढावर चालवून बघा. त्याआधी सीट नीट करून घ्या : पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली की गुडघे बोलू लागतात, आणि लोक दोष सायकलला देतात.

घामाघूम होऊन ऑफिसात शिरणं चालणार नसेल, तर पेडलला जोर देणारी इलेक्ट्रिक सायकल खुशाल घ्या. ती वीसेक किलोची असते, त्यामुळे बॅटरी काढून घरात नेता येते ना, एवढं विचारून घ्या. नाहीतर चार्जिंगसाठी अख्खी सायकल वर चढवावी लागेल.