आजीचं लिनोकट (लिनोलियमच्या पत्रीवर कोरून काढलेला छापा) पोर्ट्रेट करायचंय. ती गोव्याची आहे हे चित्रात कसं दाखवू?

मागे माड, चर्च, होडी घालू नका, त्यानं पोस्टकार्ड होतं. ओळख अंगावरच असते: खांद्यावर गाठ मारलेलं कुणबी लुगडं, केसांतली अबोलीची फाती (गजरा), नथ. गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मेरीला साडीच नेसवली. त्यांची चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत, जमलं तर बघून या.

फोटो आधी उलटा करून मगच लिनोवर उतरवा. नाहीतर डाव्या नाकपुडीतली नथ छाप्यात उजवीकडे जाते, आणि घरचे लोक पहिली तीच चूक पकडतात.

लिनोचे दोन ब्लॉक करा, एक लाल शाईसाठी, एक काळ्या. लुगड्याच्या चौकटीच्या रेघा लाल ब्लॉकमध्ये बारीक व्ही आकाराच्या हत्यारानं कोरा. तिथं कागदाचा पांढरा दिसेल. रेघा पट्टीनं सरळ मारू नका, कापडाच्या घडीबरोबर वळवा, नाहीतर लुगडं पत्र्यासारखं दिसतं. चेहऱ्यावर मात्र हात आखडता: प्रत्येक सुरकुती कोरली की आजी दहा वर्षांनी म्हातारी होते. फक्त सावलीच्या कडा ठेवा.

लिनो कडक वाटला तर दहा मिनिटं उन्हात ठेवा. शाई पातळ थरात लावा. रोलरखाली चिकट चरचर आवाज आला तर जास्त झाली, बारीक रेघा बुजणार. २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम) गुळगुळीत कागद ब्लॉकवर ठेवून लाकडी डावाच्या पाठीनं घासायचं. आधी लाल, वाळल्यावर काळा. पावसाळ्यात तेली शाई वाळायला आठवडाही लागतो.