वाचकांचे प्रश्न : पोल्डरमधली विमाने

आम्ही नेदरलँड्समध्ये ड्रॉन्टनला राहतो. इथल्या एका शेतकऱ्याच्या जमिनीत दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बर विमान पडले होते म्हणे. ते कोणते, हे कसे शोधायचे? गावच्या जुन्या वर्तमानपत्रांत काहीच मिळत नाही.

मिळणार कुठून? युद्धाच्या काळात तिथे आयसलमेर सरोवराचे पाणी होते. पूर्व फ्लेवोलँड, म्हणजे ड्रॉन्टनचा भाग, कोरडे झाले ते १९५७ साली. पाणी हटवून मिळवलेल्या अशा जमिनीलाच पोल्डर म्हणतात. त्यामुळे ही घटना ड्रॉन्टनच्या नावावर कुठेच नोंदलेली नसणार. ती किनाऱ्यावरच्या गावांत शोधा : काम्पेन, एल्बर्ख, हार्डरवाइक. तिथल्या पोलिसांच्या रोजनिश्या आणि हवाई हल्ला संरक्षण दलाचे अहवाल त्या त्या नगरपालिकेच्या दप्तरखान्यात पाहायचे.

त्याआधी जागा पक्की करा. पोल्डरमध्ये प्रत्येक शेताला कावेल क्रमांक असतो, एक अक्षर आणि एक आकडा. शेतकऱ्याला तो तोंडपाठ असतो. चर खणताना किंवा नांगरताना वर आलेले अवशेष बहुधा याच क्रमांकाने नोंदले गेले. मग हवाई युद्धाचा अभ्यास करणाऱ्या डच गटाचे, म्हणजे ‘स्टुडीख्रूप लुख्तओर्लोख’चे नुकसान-रजिस्टर उघडा. ते ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. त्यात प्रत्येक विमानाला ‘टी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, शिवाय तारीख, प्रकार, स्क्वाड्रन आणि पडल्याची जागा. पाण्यात पडलेल्यांपुढे जागेच्या रकान्यात नुसते ‘आयसलमेर’ असू शकते, म्हणून फक्त गावाच्या नावाने शोधू नका. जवळपासची सगळी नावे काढा आणि एकेक खोडत जा.

खोडण्याचे काम कबरी करतात, पण त्या वाचताना घोळ होतो. बुडालेल्या वैमानिकाचे प्रेत कधी कधी काही आठवड्यांनी वर येते आणि वारा नेईल त्या किनाऱ्याला लागते. म्हणून दफनाची तारीख ही अपघाताची तारीख नव्हे आणि दफनभूमी ही अपघाताची जागा नव्हे. युद्धात मेलेल्यांच्या कबरींची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर एकाच स्क्वाड्रनची, एकाच दिवशी मेलेली माणसे एकत्र मांडा. विमानातल्या सातांपैकी चौघांच्या कबरी सापडल्या आणि उरलेल्या तिघांची नावे कबर नसलेल्या वैमानिकांच्या इंग्लंडमधल्या रनीमीड स्मारकावर असली, तर ते तिघे अजून अवशेषांतच असू शकतात. अशा ठिकाणी स्वतः काही करायचे नाही, नगरपालिकेला कळवायचे.

लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एआयआर २७’ या मालिकेत स्क्वाड्रनच्या दैनंदिन्या आहेत. त्यातला फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा, ५४१ म्हणजे विमानवार तपशील. उड्डाणाची वेळ, लक्ष्य, माणसे कळतील. न परतलेल्या विमानापुढे मात्र ‘उड्डाणानंतर वार्ता नाही’ एवढेच. ते कुठे पडले हे पाडणाऱ्यांना आणि खालून पाहणाऱ्यांनाच ठाऊक. विमान अमेरिकन असेल तर काम सोपे : १९४३ पासूनच्या बेपत्ता विमानांच्या अहवालांत इंजिनांचे आणि मशीनगनांचेही क्रमांक आहेत.

डच पोलिसांची वेळ आणि ब्रिटिश दैनंदिनीची वेळ यांत एक तासाचा फरक पडतो. कोणाचे घड्याळ खरे?

दोन्ही खरी. जर्मनांनी मे १९४० मध्ये डच घड्याळे बर्लिनच्या उन्हाळी वेळेवर नेली आणि ती नोव्हेंबर १९४२ पर्यंत हिवाळ्यातही तशीच ठेवली, म्हणजे ग्रिनिचच्या दोन तास पुढे. इंग्लंड त्या काळात एक तास पुढे असायचे; १९४१ पासून फक्त उन्हाळ्याचे काही महिने दोन तास. १९४३ मध्येही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत एक तासाचा फरक आहेच. सगळ्या वेळा आधी ग्रिनिचमध्ये आणा, मगच जुळवा.

तारखेचेही तेच. रात्री अकराला निघालेले विमान ब्रिटिश नोंदीत आदल्या दिवसाचे, डच नोंदीत दुसऱ्या दिवसाचे. ‘२९/३० मार्च’ अशी जोडतारीख लिहायची सवय ठेवा.

चर साफ करताना ॲल्युमिनियमचा तुकडा मिळाला, त्यावर आकडे ठोकलेले आहेत. हा विमानाचा क्रमांक का?

जवळजवळ नक्कीच नाही. तो सुट्या भागाचा क्रमांक असतो. त्यावरून विमानाचा प्रकार कळतो, नेमके विमान नाही. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या अनेक भागांचे क्रमांक ‘३००’ने सुरू होतात, कारण ते बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीचा तो प्रकार-क्रमांक. मात्र इंजिनावरची पट्टी मिळाली तर ती सोन्याच्या मोलाची.

घाई केली की काय होते ते मार्करमेर सरोवरात दिसले. २००८ साली तिथे पाण्याखाली सापडलेले स्टर्लिंग बॉम्बर बरीच वर्षे १५ स्क्वाड्रनचे, बीके ७१० क्रमांकाचे मानले जात होते. पुढे आद्याक्षरे कोरलेल्या एका सिगारेटच्या डबीमुळे गणित फिरले. ते निघाले २१८ स्क्वाड्रनचे बीके ७१६, १९४३ च्या २९/३० मार्चला बर्लिनच्या मोहिमेवरून न परतलेले, सात जणांसह. २०२० मध्ये ते वर काढले.

आणि शेतात मिळालेली १२.७ मिलिमीटरची रिकामी काडतुसे पुरावा म्हणून धरू नका. ती वरच्या चकमकीतून कुठेही पडायची.

आमच्या यादीतल्या एका विमानापुढे ‘आपत्कालीन उतरण’ आहे. ना कबर, ना अवशेष. मग माग कसा काढायचा?

माणसांचा काढा. पोटावर उतरवलेले विमान जर्मन लष्कर धातूसाठी उचलून न्यायचे, त्यामुळे जमिनीत काही उरत नाही. वैमानिक मात्र जिवंत राहिले असण्याची शक्यता मोठी. पकडले गेले असतील तर क्यूमधल्या ‘डब्ल्यूओ ३४४’ या मालिकेत सुटकेनंतरच्या प्रश्नावल्या आहेत. निसटले असतील तर ‘डब्ल्यूओ २०८’ मध्ये त्यांचे जबाब. जबाबांत शेत, कालवा, चर्चचा मनोरा अशा खुणा असतात, त्या जुन्या नकाशावर बसवता येतात. शिवाय जर्मन सैनिक अशा विमानापुढे उभे राहून हौसेने फोटो काढत. ते जुन्या अल्बममधून विकायला येतात. शेपटीजवळचा क्रमांक त्यात वाचता आला की काम झाले.

मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जाऊ का?

जमीनमालकाच्या परवानगीशिवाय नाही, आणि वरच्या ३० सेंटिमीटरच्या खाली खणायला कायद्याने मनाई आहे. मऊ मातीत इंजिने कित्येक मीटर खोल जातात, म्हणजे हाती लागणार ते वरचे तुकडेच. न फुटलेला बॉम्ब किंवा जिवंत दारूगोळा दिसला तर हात न लावता पोलिसांना फोन करा. विमानातल्या उपकरणांच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. त्या घासून चकचकीत करू नका, घरातही ठेवू नका.