शेततळं भरलेलं, तरी पक्षी का उतरत नाहीत?

प्रश्न : आमचं ३० × ३० मीटरचं, प्लास्टिक अस्तराचं शेततळं आहे. मार्चनंतर जवळपास दुसरं पाणी नसतं, तरी पक्षी उतरत नाहीत. अधूनमधून बुडालेले होले मात्र सापडतात. काय करावं? (एक शेतकरी, करमाळा तालुका)

उत्तर : पाणी भरपूर आहे, काठ वाईट आहे. होला, मुनिया, पखुर्डी, डोंबारी हे दाणे खाणारे पक्षी. कोरड्या दाण्यात ओल जेमतेम दहा टक्के, म्हणून त्यांना पाणी प्यावंच लागतं आणि तेही पाय टेकून. एकास दीडच्या उतारावर (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं अंतर), शेवाळलेल्या प्लास्टिकवर नखं रुतत नाहीत. पक्षी घसरतो, पिसं भिजतात, मग उडता येत नाही.

चारही कोपऱ्यांत मीटरभर रुंद काथ्याची जाळी सोडा. वरचं टोक बांधावर खुंटीला बांधा, खालच्या टोकाला वाळूची पिशवी लावा (दगडाने अस्तर फाटतं). जाळी थेट तळापर्यंत न्या. बहुतेक जण ती फेब्रुवारीच्या पातळीपुरती सोडतात आणि ऐन मे महिन्यात पाणी तिच्याही खाली गेलेलं असतं. नायलॉनची जाळी अजिबात नको, तिच्यात पाय अडकतात.

पिण्यासाठी मात्र वेगळी बशी करा : व्यास २ मीटर, काठाशी खोली शून्य, मध्यभागी १५ सेंटिमीटर. सिमेंट घोटून गुळगुळीत करू नका, खरखरीत ठेवा. नव्या सिमेंटचा क्षार उतरेपर्यंत आठवडाभर पाणी भरून बदलत राहा. बशीत सुमारे १५० लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात रोज तीसेक लिटर उडून जातं, तेवढी भर घालावी लागेल. दर चार-पाच दिवसांनी पाणी काढून ब्रशने घासा, म्हणजे डासांच्या अळ्या वाढणार नाहीत. साबण नको. झुडूप एकाच बाजूला आणि तेही दोन-तीन मीटर दूर असावं, नाहीतर मांजर दबा धरतं. बाकीच्या बाजू मोकळ्या हव्यात, कारण पखुर्डीला आधी उघड्या जमिनीवर उतरून चालत पाण्याशी यायची सवय असते.

प्रश्न : गावच्या माळावर ठिकठिकाणी असे पाणवठे केले, तर पक्ष्यांच्या जाती वाढतील ना? (एक वाचक, मोहोळ तालुका)

उत्तर : यादी वाढेल, पण बुलबुल, साळुंकी, कावळ्यांनी. धाविकासारख्या माळावरच्या पक्ष्याला ओल बरीचशी किड्यांतूनच मिळते. पाण्यामागे गुरं आणि कुत्री येतात, मग जमिनीवरची घरटी तुडवली जातात, अंडी जातात. म्हणून पाणवठा गावालगतच्या कडेला करा, माळाचा मधला भाग कोरडाच राहू द्या. पाणवठ्याभोवती झाडंही लावू नका. कावळ्यांना टेहळणीला तीच जागा मिळते.