ग्वांगचौला येताना मधुमेहाच्या गोळ्या सोडू नका

चीनमधल्या ग्वांगचौमध्ये नोकरीसाठी येत असताना बारा वर्षांच्या मधुमेहावर आणि रक्तदाबावर चिनी वनौषधी सुरू करून भारतातल्या गोळ्या बंद करता येतील का, असे आपण विचारले आहे. बंद करू नका. वनौषधी घ्यायचीच असेल, तर चालू गोळ्यांची यादी वैद्यापुढे ठेवूनच घ्या.

येथे पारंपरिक वैद्यकाची मोठी रुग्णालये आहेत. ग्वांगतोंग प्रांताचे असे रुग्णालय १९३३ पासून चालू असून तिथे नाडीपरीक्षा आणि रक्ततपासणी एकाच छपराखाली होते. वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवतो, जीभ पाहतो आणि ग्रॅममध्ये तोललेल्या औषधांच्या पुड्या लिहून देतो. त्या घरी मातीच्या भांड्यात उकळाव्या लागतात. वेळ नसेल तर रुग्णालयच काढा करून पाकिटांत भरून देते.

मी मात्र पाठदुखीसाठी गल्लीतल्या एका दुकानात बसणाऱ्या वैद्याकडे गेलो. पुडी उघडली तर सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध. आजीच्या बटव्यातलीच मंडळी, म्हणून निर्धास्त झालो. तीन आठवड्यांत घोट्यांवर सूज आली, रक्तदाब १६५/१०० झाला आणि रक्तातले पोटॅशियम घटले. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम बाहेर पडते, आणि काढ्यातली इतर द्रव्ये एकमेकांशी जुळवण्यासाठी म्हणून ज्येष्ठमध असंख्य चिनी काढ्यांत घातलेला असतो. रक्तदाबाची गोळी घेतो हे मी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नाही.

आपल्या बाबतीत याहून मोठा धोका ‘श्याओख’ नावाच्या गोळ्यांचा आहे. मधुमेहावरचे हे प्रसिद्ध औषध वनौषधी म्हणून ओळखले जाते. परंतु त्याच्या प्रत्येक गोळीत ०.२५ मिलिग्रॅम ग्लायबेनक्लामाइड, म्हणजे साखर उतरवणारे आधुनिक औषधच, असते. दहा गोळ्या घेतल्या की अडीच मिलिग्रॅम पोटात जाते, आणि आपण ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेत असाल तर एकाच जातीची दोन औषधे एकावर एक चढून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पाकिटावर हे छापलेले असते, पण चिनी लिपीत.

इथले सहकारी चिनी शास्त्रज्ञ थू यौयौ यांचे २०१५ चे नोबेल हमखास पुढे करतील. ते पारितोषिक हिवतापावरच्या, वनस्पतीतून वेगळ्या काढलेल्या एका शुद्ध द्रव्यासाठी होते. मधुमेहावरच्या काढ्याशी त्याचा संबंध नाही. उलट मूत्रपिंडे निकामी करणारी ‘क्वानमुथोंग’ ही वनौषधी चीनने २००३ मध्ये स्वतःच बंद केली. सर्दी, अपचन, दुखरी पाठ यांसाठी वैद्याकडे जरूर जा. मीही जातो, पण आता रुग्णालयातच.

निघण्यापूर्वी आपल्या गोळ्यांची मूळ नावे व मात्रा चिनी लिपीत छापून घ्या, कारण भारतातली कंपन्यांची नावे इथे कोणाला कळत नाहीत. माझा कागद घड्यांवर फाटू लागला, तेव्हा मागच्या महिन्यात लॅमिनेट करून पाकिटात ठेवला.