लाल केसांची मुलगी भांडकुदळच का?

प्रश्न : मी नागपुरात एका शाळेत शिकवते. यंदा बालनाट्य स्पर्धेसाठी आठवीच्या मुलांनी स्वतः नाटक लिहिलंय. त्यात वर्गात नव्याने आलेली, लाल केसांची एक परदेशी मुलगी आहे. पहिल्याच प्रवेशात ती दप्तर भिरकावते आणि दोघांशी भांडते. असं का, विचारलं तर मुलं म्हणतात, ‘मॅडम, लाल केसवाली पोरगी भांडकुदळच राहते ना, पिच्चरमध्ये पाहा!’ खरंच तसं असतं का? आणि तिचा विग कसा करावा?
— एक शिक्षिका, प्रतापनगर

उत्तर : ताई, मुलांनी पाहिलंय ते बरोबर. पडद्यावर लाल केसांची बाई एक तर भडकते, नाही तर पुरुषाला भुलवते. आणि लहान मुलगी असेल तर सगळे तिला चिडवतात. पण मुलांना एक गोष्ट सांगा. यातल्या कितीतरी जणींचे लाल केस त्यांचे स्वतःचे नव्हतेच. माझं आयुष्य रंगभूषेच्या टेबलाशी गेलं, त्यामुळे पडद्यावर लाल केस दिसले की मी आधी भुवया बघते. बहुतेक वेळा तिथेच कळतं.

रीटा हेवर्थचं उदाहरण घ्या. मूळ नाव मार्गारिता कार्मेन कॅन्सिनो, वडील स्पॅनिश नर्तक, केस गडद. स्टुडिओने कपाळावरचे केस विजेच्या उपचाराने कायमचे काढून केसांची रेघ मागे नेली, उरलेले लाल रंगवले आणि मग १९४६ च्या ‘गिल्डा’मध्ये ती जगभरच्या पुरुषांना वेड लावणारी लाल केसांची बाई झाली. तो चित्रपट कृष्णधवल आहे! म्हणजे पडद्यावर लाल रंगाचा ठिपकाही नाही. त्याआधी १९३२ मध्ये जीन हार्लोने लाल केसांचा टोप घालून साहेबाला जाळ्यात ओढणारी सेक्रेटरी केली, तोही चित्रपट कृष्णधवल; केस लाल आहेत हे प्रेक्षकांना नावावरूनच कळायचं, ‘रेड-हेडेड वूमन’. पुढे टीव्हीवर १९५१ पासून ‘आय लव्ह ल्युसी’ गाजली. ल्युसिल बॉलचे मूळ केस तपकिरी, लाल रंग मेंदीचा. ही मालिकासुद्धा कृष्णधवल, तरी अमेरिकेत घरोघरी ती लाल केसांची वेंधळी, खटपटी बायको म्हणूनच ओळखली गेली.

म्हणून मी म्हणते, सिनेमात लाल केस ही आधी सूचना होती, रंग नंतर आला. आपण राक्षसाला मिशा लावतो ना, तसंच. पात्र तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकाला कळावं की ही कोण. लेखकाचं काम टोपाकडून करून घ्यायची ही सोय आहे, आणि मला ती मनापासून खटकते.

रंगीत फिल्म आल्यावर ही सोय आणखी वाढली. टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या पद्धतीत हिरव्या-निळ्यासमोर लाल रंग असा उठून दिसतो की छायाचित्रकाराची नजर तिथेच जाणार. मॉरीन ओ’हारा ही डब्लिनजवळची, केस खरोखर लाल. तिला ‘टेक्निकलरची राणी’ म्हणायचे. १९५२ च्या ‘द क्वाएट मॅन’मध्ये हिरव्यागार आयर्लंडात तिचे ते केस आणि तिचा तो संताप! काम उत्तमच केलंय तिने. पण आयरिश, लाल केस आणि तापट डोकं ही मोळी एकदा बांधली गेली ती आजही सुटलेली नाही. १९८९ च्या ‘द लिटिल मर्मेड’ या कार्टूनपटातली जलपरी एरियल लाल केसांची, कारण हिरव्या शेपटीवर तो रंग खुलतो. बापाचं न ऐकणारीही तीच.

पुरुषांकडे तर कोणी फारसं बघतच नाही. लाल केसांचा मुलगा नायकाचा मित्र, विनोदी, नाही तर मार खाणारा. हॅरी पॉटरच्या गोष्टींतलं त्याच्या मित्राचं वीज्ली कुटुंब आठवा, सगळी भावंडं लाल केसांची. आणि त्यांची गरिबी व केस यांवरून एकाच दमात टोमणे. आपल्याकडेही याचा एक धागा आहे. कथकलीत लाल दाढी दुःशासनासारख्या क्रूर पात्राला लावतात. त्या कलेत तो सगळ्यांना ठाऊक असलेला संकेत आहे, तिथे मला काही अडचण वाटत नाही. अडचण होते ती असे केस घेऊन जन्मलेलं खरं मूल समोर असतं तेव्हा.

हे मुलांना जरूर सांगा, कारण ती त्याच वयाची आहेत. अमेरिकेतल्या ‘साउथ पार्क’ या कार्टून मालिकेत २००५ मध्ये लाल केसांच्या मुलांना आत्मा नसतो असं बडबडणारं एक पात्र दाखवलं. हेतू पूर्वग्रहाची टर उडवण्याचा होता. पण २००८ च्या नोव्हेंबरात कॅनडात एका शाळकरी मुलाने त्यावरून ‘लाल केसवाल्यांना लाथ मारा’ दिवस इंटरनेटवर जाहीर केला आणि काही शाळांत मुलांनी खरोखर लाथा खाल्ल्या. त्या मुलांचा दोष काय? एमसीवनआर नावाच्या एका जनुकातला फरक. बहुतेकांना तो आई आणि वडील दोघांकडून मिळतो. जगात शंभरात एक-दोघांचेच केस असे असतात. त्यांचा रागाशी संबंध नाही.

आणि ताई, तुमच्या वर्गातही नजर टाका. उन्हाने, कोरडेपणाने, कधी नीट खायला न मिळाल्याने केस तांबूस झालेली मुलं आपल्या शाळांत असतात. नाटकातल्या मुलीवर हसू पिकवलं की दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या वाट्याला जाईल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

मग मुलीला शांत करायचं का? मुळीच नाही. ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीतली लाल केसांची ॲन वर्गात एका मुलाच्या डोक्यावर पाटी फोडते, पण तो तिची वेणी ओढून तिला गाजर म्हणतो म्हणून. रागाला कारण आहे, ते तिचं स्वतःचं आहे, म्हणून तो पटतो. २०१२ च्या ‘ब्रेव्ह’ या कार्टूनपटातली लाल केसांची राजकन्या मेरिडा चिडते, कारण तिचं लग्न तिला न विचारता ठरतंय. तिचे केस घट्ट टोपडीखाली कोंबतात आणि ती त्यातली एक बट बाहेर ओढून काढते. एवढ्या हालचालीत अख्खी मुलगी समजते. आणि १९९३ पासूनच्या ‘एक्स-फाइल्स’ या टीव्ही मालिकेतली डॉक्टर स्कली बघा. लाल केस, तरी थंड डोक्याची, पुरावा मागणारी. मला तीच सगळ्यात आवडते. तेव्हा मुलांना विचारा : ही मुलगी दप्तर का भिरकावते? उत्तर सापडलं तर भिरकावू द्या. नाही सापडलं तर प्रवेश पुन्हा लिहायला लावा.

आता विग. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडचा चकचकीत नायलॉनचा लाल टोप घेऊ नका, तो विदूषकाचा वाटतो. काळा टोप रंगवूनही उपयोग नाही, काळ्यावर लाल चढत नाही. इतवारीत लोकर घ्या, विटकरी, गंजाची आणि थोडी गडद तपकिरी अशा तीन छटा. त्या मिसळून मलमलच्या टोपीवर खालून वर शिवत न्या. भुवया काळ्या ठेवल्यात तर सगळी मेहनत वाया. तपकिरी पेन्सिल फिरवा. वांगाचे ठिपके दाखवायचे असतील तर त्याच पेन्सिलने, नाक आणि गालांवर, लहानमोठे आणि विखुरलेले. कृपा करून पोरीला पॅनकेक, म्हणजे तो जाड मेकअप, थापून गोरी करू नका. त्याच जलपरीच्या २०२३ च्या चित्रपटात हॅली बेली ही कृष्णवर्णीय अभिनेत्री एरियल झाली, तिच्या सावळ्या रंगावर ते तांबडे केस सुरेख दिसले. तुमची पोरगी सावळी असेल तर तशीच राहू द्या, तिच्या आजोळची गोष्ट हवी तर एका वाक्यात सांगता येईल.

प्रकाशयोजना करणाऱ्याशी आधी बोला. हिरव्या किंवा निळ्या प्रकाशात हे केस काळपट पडतात, अंबरमध्ये, म्हणजे पिवळसर प्रकाशात, नारिंगी होतात. तिच्या प्रवेशांना साधा पांढरा प्रकाश मागून घ्या. आणि टोप रंगीत तालमीच्या आधीच्या आठवड्यातच तिच्या डोक्यावर चढू द्या. लोकर गरम होते, घाम येतो, आणि सवय नसेल तर मूल संवाद सोडून डोकं खाजवत बसतं.